वाटीतला मोगरा

ती. आत्यास,

नाकाच्या शेंड्यासकट साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? (मागच्या पत्रात डाव्याचं सविस्तर लिहिलंस, उजवा रुसला असेल.) इकडे आम्ही मजेत आहोत, म्हणजे सोमवारपर्यंत तरी.

तुझी भेट पोचली. पांढऱ्या टोपणाची ती चौकोनी बाटली पाहून तुझी सूनबाई इतकी हरखली की दिवसभर माझ्याशी एकही भांडण उकरून काढलं नाही. अत्तर खानदानी, यात वाद नाही. पुढे मोगरा आणि मागून बाकीची पांढरी फुलं, कुणी कुणाला ढकलत नाही. (बाटलीला हात लावायची मला मुभा नाही, पण तू येऊन गेलीस की आमच्या उशांना दोन दिवस हाच वास येतो, म्हणून माहीत.) पण आत्या, मी पडलो चहा चाखणारा. आमच्या खोलीत वासाचा साबण चालत नाही, कांदा खाऊन आलेल्याला दारातूनच परत धाडतात, आणि अशा माणसाच्या घरी तू अत्तर पाठवलंस! धन्य तुझी.

तर झालं असं. परवा सकाळी मी आरशापुढे भांग पाडत होतो. मागे सूनबाई, टेबलावर तुझी बाटली, आणि 'फुस्स' असा आवाज झाला. संसारात नाना आवाज होतात, कुठे कुठे लक्ष देणार? तिने दिलेला गरमागरम सदरा चढवला आणि पळालो. त्या दिवशी माझा निकाल होता. साहेबांनी बजावलंच होतं, "आज नाक दाखव, नाहीतर उद्यापासून गोदामात पेट्या मोज." खरेदीला आलेल्या बाई अशा, की त्यांना आमचा एकही चहा आजवर पसंत पडलेला नव्हता. टेबलभर वाट्या मांडलेल्या. चमचा बुडवायचा, फुर्रकन ओढायचा, थुंकायचा, पुढे सरकायचं. (हो, याचाच पगार देतात.) शेवटच्या वाटीशी आलो, फुर्र केलं आणि समोर साक्षात तू! मी ओरडलोच, "मोगरा!" साहेबांनी ओढला आणि डोळे मिटले. बाई म्हणाल्या, "अगदी मंद आहे हो, पण आहे." सगळा माल त्यांनी तिथल्या तिथे घेतला, आणि मी नोकरीत पक्का झालो.

संध्याकाळी जिना चढताना ते 'फुस्स' आठवलं आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. मोगरा चहाला नव्हताच, माझ्या सदऱ्याला होता! (मला कसा आला नाही म्हणशील. आपला वास आपल्याला येत नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.) हसू नकोस गं. या नाकाखेरीज माझ्याकडे चारचौघांत दाखवण्यासारखं काही नाही, आणि तेही उसनं निघालं. फार वाईट वाटलं. सूनबाई शेजारीपाजारी माझ्या नाकाचे गोडवे गातेय, तिला कोणत्या तोंडाने सांगू? सोमवारी बाई पेट्या उघडून सगळ्यांसमोर पुन्हा चाखणार आहेत.

घरच्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना चिमटे.

तुझा,
नाक कापलं जाण्याच्या बेतात असलेला भाचा

ता. क. तसलीच आणखी एक बाटली सोमवारच्या आत पाठव, कचेरीच्या पत्त्यावर. सूनबाईची बाटली कपाटात आणि किल्ली तिच्या कमरेला. अत्तर मारलेला सदरा घालून बाईंना खेटून उभा राहीन म्हणतो.

ता. क. दुसरा. सूनबाईला यातलं अवाक्षर कळू देऊ नकोस. पत्र टाकायला तिच्याच हाती देतोय, पण पाकीट घट्ट चिकटवलंय.

आत्याबाईंना नमस्कार. पाकीट वाफेवर लगेच सुटलं. तुमच्या बाटलीचं सील अजून शाबूत आहे. रोज नुसती हातात घेऊन बघते, फोडायला मन होत नाही. त्या दिवशीचं 'फुस्स' म्हणजे इस्त्रीचं पाणी. तेव्हा मोगरा चहातच होता, आणि तो यांनी सगळ्यांच्या आधी ओळखला. वाचताना मला रडूच आलं. पण आता सांगितलं तर यांचे पाय जमिनीवर राहायचे नाहीत, म्हणून सोमवारी कळू दे. दुसरी बाटली मात्र जरूर पाठवा. पत्ता घरचाच घाला.