केबिनच्या दारात काढलेल्या चपला

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्याशी भांडताना पाठीत धपाटा बसायची भीती नाही. म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे. चौथीतून शाळा सोडवलीत, त्यात आणखी काय येणार. कागद दुकानातलाच आहे, नात कॉलरचे नमुने कापते तो खाकी.

शिवाजीनगरची ती बँक तुम्ही विसरला असाल, मी नाही विसरले. शाळेच्या गणवेशांचं काम चालून आलं होतं आणि तुम्हाला दुसरं मशीन घ्यायचं होतं. त्यासाठी मॅनेजरचा सफारी फुकट शिवलात. केबिनच्या दारात चपला काढल्यात, देवळात काढतात तशा, आणि चोरीला जातील म्हणून माझ्या हातात दिल्यात. मी परकर-पोलक्यात, दोन्ही हातांत तुमच्या चपला धरून उभी. तुम्हीच शिवलेला सफारी घालून साहेब म्हणतो, "नाही जमणार." तुम्ही म्हणता, "बरं साहेब, उपकार झाले." उपकार कसले, अण्णा? मी विचारलं, "का नाही जमणार?" तुम्ही माझा दंड धरून बाहेर ओढलंत आणि बसस्टँडवर चार लोकांत ओरडलात, "साहेबाला का विचारतात? पुन्हा बोललीस तर तोंड शिवून टाकीन." ते काम दुसऱ्याकडे गेलं. मशीन आलं नाही, म्हणून मशीनच्या जागी मला बसवलंत. काज-बटण, काज-बटण. शाळा बंद.

आता ऐका. तुमची पणती, माझी नात, इथं बंगळुरात मल्लेश्वरममध्ये भाड्याच्या गाळ्यात शिवणकाम करते. तिलाही एका शाळेनं गणवेश दिलेत. शाळा उघडायच्या आत नव्या मशिनी आल्या तर काम तिचं, नाही तर दुसऱ्याचं. ती बँकेत गेली आणि तोंड पाडून आली. "सोड आज्जी, सिस्टीमनंच रिजेक्ट केलंय म्हणतो." मी म्हटलं, "आणि तू बरं साहेब म्हणून आलीस? कुणावर गेलीस ते कळलं." मग तिनं मोबाईल काढला, रागारागानं बँकांचे नियम वाचत बसली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो.

मॅनेजर पोरगेलासा. "कूतकोळ्ळी अज्जी," बसा म्हणून कानडीत खुर्ची दिली, बसले. "आम्ही काय करणार, सिस्टीम नाही म्हणते." मी म्हटलं, "मग तिला बोलव, मी बोलते तिच्याशी." तो हसला. मी हसले नाही. नातीनं अर्ज पुढं केला. छोट्या धंद्याला कर्ज नाकारलं तर कारण लिहून द्यावं लागतं, ते द्या, एवढंच त्यात होतं. तो म्हणाला, ठेवून जा, बघू. तुम्ही असता तर गेला असता. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच दिल्याचा शिक्का बसेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.

कारण आलं : तारण नाही. सिस्टीम नाही आणि काही नाही. एवढ्या लहान कर्जाला तारण मागायचंच नाही असा नियम बँकांवर आहे, म्हणून त्याला ते तोंडानं सांगायला जड जात होतं. नातीनं तोच कागद जोडून बँकेच्या मोठ्या कचेरीत तक्रार केली, आणि खाली लिहिलं की महिन्यात उत्तर आलं नाही तर लोकपालाकडे जाईन. लोकपाल म्हणजे बँकांविरुद्धची गाऱ्हाणी ऐकणारा. त्याला फी द्यावी लागत नाही, सफारीही शिवावा लागत नाही.

महिना भरायच्या आत बोलावणं आलं. केबिनच्या दारात नात खुदकन हसली. "आज्जी, देऊळ आहे का हे? चप्पल का काढलीस?" मी म्हटलं, "अंगठा दुखतोय," आणि चप्पल परत पायात सरकवली.

मॅनेजर म्हणाला, फाईल पुन्हा बघितली, मंजूर आहे. मागितलं तेवढं नाही, पण मशिनी येतील आणि गणवेश आमच्याकडेच राहतील. वर मला म्हणतो, "तक्रार कशाला केलीत अज्जी, आधी मला सांगायचं ना." मी म्हटलं, "सांगितलं होतं. तुझी सिस्टीम बहिरी होती."

तर अण्णा, 'का' विचारल्यावर आभाळ कोसळत नाही. फार तर एक शिक्का बसतो. तुम्हाला एवढंही जमलं नाही, आणि त्याची भरपाई माझ्या बोटांनी केली. माफ केलेलं नाही, आता करायचा विचारही नाही. हा कागद कुठं धाडायचा प्रश्नच नाही, उद्या सकाळी नात यातून कॉलर कापेल आणि तिला हे वाकडं अक्षर लागायचं नाही.

तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. अंगठा दुखत नव्हता.