फळ्यावरचं छप्पर

१२ नोव्हेंबर
आज फळ्यावर: 'फुटपाथवर कार उभी असली तर पार्किंग. ठेला उभा असला तर अतिक्रमण.'
सकाळी शेवंताबाईच्या पोह्याच्या ठेल्यापाशी नेहमीची गर्दी. त्यातले निम्मे तरी फळा वाचायला थांबतात, असं मी धरून चालतो. शेवंताबाईनं मोठ्यानं वाचलं, अन् लोकांच्या पोह्यावर तर्री ओतता ओतता हसून राहिली. माझा खडूचा डबा तिच्याच ठेल्यात असतो, चिवड्याच्या बरणीमागं. वाचनालय बंद पडलं तेव्हा फळा तेवढा चौकात मागं राहिला, तो मी धरला. जन्म क्लार्कीत गेला, पण या फळ्यामुळं सगळे गुरुजी म्हणतात. मी कोणाची चूक दुरुस्त करत नाही.

१५ नोव्हेंबर
बबनभाऊ आले. माजी नगरसेवक. बॅनरवर 'भावी' आहेत. सध्या काय आहेत ते कुठंच लिहिलेलं नाही.
आजचं वाक्य: 'रस्ता करणारा वेगळा, खोदणारा वेगळा, बुजवणारा वेगळा. नारळ फोडणारा मात्र एकच.' मला वाटलं भडकतील. माणूस मनापासून हसला. फळ्यासोबत फोटो काढला. तुमच्यासारखी माणसं पाहिजेत म्हणाले. उभ्या उभ्या प्लेटभर पोहे खाल्ले आणि पैसे न देता निघाले. शेवंताबाईनं मागितले नाहीत. मोठ्या माणसाकडं कोण मागतं.
जाता जाता विचारलं, मुलगा काय करतो. सांगायला नको होतं. निलेशचं हिंगण्याच्या कंपनीतलं कंत्राट दिवाळीआधी संपलं, तेव्हापासून घरी आहे, हे सगळं सांगून बसलो. आवाजही जरा पाडला होता.

१९ नोव्हेंबर
निलेशला नोकरी. हिंगण्यालाच, दुसरी कंपनी, स्टोअरमध्ये. सोमवारपासून कंपनीची बस. सौ.नं देवापुढं साखर ठेवली. मी म्हटलं, आयटीआय झालेला आहे तो, लायकीवर मिळाली.
"लायकी तं त्याच्यापाशी दिवाळीतही होती," सौ. म्हणाली.
बबनभाऊंनी बदल्यात काही मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही तरी म्हणता आलं असतं.

२३ नोव्हेंबर
फळ्यावर: 'सकाळी कोमट पाणी प्यावे.'
शेवंताबाईनं विचारलं, तब्येत बरी नाही का. मी म्हटलं, थंडी पडून राहिली ना.

२८ नोव्हेंबर
फळ्याला छप्पर आलं. निळा पत्रा, त्यावर हात जोडलेले बबनभाऊ. फोटो फळ्याहून मोठा. आता फळ्याला पाऊस लागणार नाही. पाऊस तसाही जूनपर्यंत येत नाही.
उद्घाटनाला नारळ होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला. माणसं टाळ्या वाजवत होती. पंधरा तारखेचं माझंच वाक्य माझ्या हातात, शेंडीसकट. फोडला. एका फटक्यात फुटला, वर कौतुक झालं.
खोबऱ्याची सौ.नं चटणी केली. चांगली झाली होती. दोनदा मागून घेतली, हेही लिहून ठेवतो.

२ डिसेंबर
विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं. दुभाजकांना रंग, जागोजागी कुंड्या. पाहुणे यायचे म्हटलं की घर आवरतो, तसं सरकार यायचं म्हटलं की शहर आवरतात. पसारा कोणाला म्हणायचं ते आधीच ठरलेलं असतं.
दुपारी महापालिकेच्या अतिक्रमण पथकानं शेवंताबाईचा ठेला गाडीत टाकून नेला. पातेलं तेवढं तिनं ओढून घेतलं. बबनभाऊंच्या ऑफिसपुढच्या कार फुटपाथवर होत्या तशाच आहेत.
संध्याकाळी ती घरी आली. आत या म्हटलं तरी दारातच उभी.
"गुरुजी, तुमचं ते पार्किंगवालं वाक्य पुन्हा लिहून द्या ना. लोक वाचते तुमचं. भाऊ भी वाचते. चार लोक बोलले त ठेला सोडवतीन ते."
आत निलेश जेवत होता. ताटाचा आवाज येत होता.
मी म्हटलं, बघतो.
नोकरीत असताना टेबलापलीकडच्या माणसाला हा शब्द रोज दिला. पलीकडच्याचं तोंड कसं होतं ते कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा फाइलीत बघत असायचो. आज हातात फाइल नव्हती.

३ डिसेंबर
'जेवणानंतर शतपावली करावी.'
खडूचा डबा ठेल्यासोबत गेला. नवा घेतला. शतपावलीसाठी. लाज वाटते.

५ डिसेंबर
शेवटी निलेशला शेवंताबाईचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, लिहून टाका. माह्यं काय, पुन्हा शोधीन."
मी त्यालाच रागावलो. तुले समजत नाही, तुह्या पोरीची शाळा आहे, घर आहे, काय काय बोललो.
मग लक्षात आलं की भीती त्याच्या नोकरीची असती तर त्याच्या बोलण्यानं कमी झाली असती. ती झाली नाही. पुढच्या रविवारी बबनभाऊंचा कार्यक्रम आहे, मला स्टेजवर खुर्ची आहे. सौ.ला कोट इस्त्री करायला मीच सांगितलं होतं, निलेशशी बोलायच्या आधी.

८ डिसेंबर
सकाळी चौकात गर्दी. फळ्यावर शतपावली पुसलेली, आणि तिथं माझं पार्किंगचं वाक्य. अक्षर माझं नाही. खडूही नाही, विटेच्या तुकड्यानं लिहिलेलं, वाकडंतिकडं.
लोक येऊन पाठीवर हात ठेवून राहिले. वा गुरुजी, शेवटी लिहिलंच. मी हसलो. नाही म्हटलं नाही.
तेवढ्यात बबनभाऊंचा फोन. आवाज गोडच.
"गुरुजी, हे तुम्ही लिहिलं?"
"नाही भाऊ. मी नाही लिहिलं."
महिन्याभरात बोललेलं पहिलं खरं वाक्य. ते ऐकून पाठीवरचे हात निघाले. शेवंताबाई दोन पावलांवर उभी होती, कडेवर पातेलं, बोटांना विटेचा लाल रंग.
भाऊ म्हणाले, मग पुसून टाका. फळा तर आपलाच आहे.

९ डिसेंबर
ओलं फडकं घेऊन गेलो. दुसऱ्या खिशात खडू होता, तो का घेतला माहीत नाही. वाक्य पुसट झालं होतं. गिरवलं असतं तर उठून दिसलं असतं. पुसलं असतं तर एका हातासरशी गेलं असतं.
शेवंताबाई खाली जमिनीवर पातेलं घेऊन बसली होती. म्हणाली, "पोहे देऊ, गुरुजी?" नेहमीच्याच आवाजात. मी खाल्ले. छपराखाली उभा राहून, फळ्याकडं पाठ करून.
घरी आलो तेव्हा फडकं खिशातच वाळलं होतं, खडूही होता तसाच. दोन्ही काढून टेबलावर ठेवले. मग आठवलं, पोह्याचे पैसे द्यायचे राहिले. तिनं मागितलेही नाहीत.