झुकत्या मुलीचा पुतळा

सोमवार
पोचले! खोली मस्त, खिडकी मोठी, गादी अशी की अंग टाकावं आणि उठूच नये. काम तर त्याहून सोपं. वहीत लिहीत उभं राहायचं, शिल्पकार काका माझा पुतळा करणार. खरंच लिही म्हणाले, खोटं लिहिणं बोटांत लगेच दिसतं. म्हणून ही रोजनिशी. नाकासमोर ओळंबा टांगलाय, गवंड्यांकडे असतो तो, दोरीला वजन. मी किती हलते ते कळायला. फक्त अर्धं बोट हलले! काकूंनी कौतुक केलं. मी फुशारकीत सांगून टाकलं, आमची छोटी, धाकटी बहीण, तर याहून स्थिर, आणि दिसायला डिट्टो मी.

मंगळवार
रात्रभर काकू दर अर्ध्या तासानं उठवत होत्या. सॉरी हं बाळा, म्हणायच्या, आणि गालावर ओला फडका. काकांना झोपून उठलेलं अंग नकोय म्हणे, ते खांबासारखं उभं राहतं. झोप काढून घेतली की अंगाला उभं राहणं आठवावं लागतं, तेच त्यांना मातीत पकडायचंय. आज दोन बोटं. काका खूश.

बुधवार
डोळा लागूच दिला नाही. पापणी मिटली की जमीन तिरकी होते. घोटे आपले आपण थरथरतात. मी जाते म्हटलं. खुशाल जा, काकू म्हणाल्या, छोटीला बोलावू. पत्ता माझ्याच फॉर्मवर आहे. छोटीला कुणाला नाही म्हणता येत नाही.
थांबले.

गुरुवार
चार बोटं. शिंकले आणि पडले. हनुवटी फुटली, काकूंनीच टाके घातले, हात हलका आहे त्यांचा. काका म्हणाले, खाली लगेच जमीन आहे म्हणून अंग घाबरत नाही. एक उंच लाकडी चौथरा गच्चीच्या कडेला नेला. मला चढवून शिडी काढून घेतली.

शुक्रवार
ओळंबा हलतोय — नाही, मी — पाय झाले म्हणे, मान राहिली. उद्या सुट्टी. काकांनी शब्द दिलाय. छोटी वाचली.

शनिवार
मान झाली. उतरू का विचारलं. काका म्हणाले, आता दुसरी. जोडपुतळा आहे, बोललो नव्हतो का? एक झुकणारी, एक खालून तिच्याकडे बघणारी. तो चेहरा उसना आणता येत नाही —

फाटक वाजलं. छोटी. बॅग घेऊन. हसतेय. काकू खांदे धरून तिला उभी करतायत, तोंड वर. काका माती भिजवतायत. कुणी ढकलत नाहीये मला. नुसते थांबलेत —

बघू नको गं — जीभ उचलत नाही — सरळ राहिले तर तिचा चेहरा तसा होणारच नाही — टाच, बोटं, टाच — ती हात हलवतेय, ताई म्हणून ओरडली, आणि मी