वरच्या वाडीचं उत्तर

आई, तुला पत्र लिहायची सवय मला कधीच नव्हती. तू चौथीपर्यंत शिकलेली, आणि माझं अक्षर तुला कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं वाटायचं. गावात फोन आल्यावर आपण त्यावर बोलायला लागलो. त्यातही तू एवढंच विचारायचीस, जेवलीस काय, आणि मी पुरतं उत्तर द्यायच्या आत ठेवून द्यायचीस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हा भिंत धरून चालणारी माझी मुलगी यंदा दहावीला बसली. आता लिहायला बसलेय ते यंदाच्या शिमग्याला जे झालं त्यामुळे. ते दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो नेटवर्कचं कारण शोधत बसेल, आणि ते कारण त्याला सापडेलसुद्धा.

इकडे आखातात, मुशैरिबच्या ऑफिसात मी ड्रॉइंग आणि नकाशे सांभाळते. रिकामा वेळ मिळाला की स्क्रीनवर आपलं गाव काढून बघते. वरून बघितलं की आपलं गाव म्हणजे सह्याद्रीच्या कड्याला लटकवलेली एक चिंधी आहे. तळाशी नदी आणि डांबरी रस्ता, तिथे खालची वाडी. मग चढ, मधली वाडी. मग पऱ्याचा ओढा, त्यावर साकवाचा अरुंद पूल, आणि साकवापलीकडे पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढत गेलं की वरची वाडी, आपली. त्यापुढे नुसता कडा. ऊन सगळ्यांत उशिरा आपल्याकडे यायचं आणि पाऊस सगळ्यांत आधी. माझ्या लहानपणी तिथे एवढी घरं होती की एकाच्या चुलीचा धूर दुसऱ्याच्या ओटीवर जायचा म्हणून भांडणं व्हायची. आता वरून पाहिलं तर झाडंच दिसतात. अधेमधे कौलांचा लाल तुकडा. भाताची खाचरं कुठे होती तेही बांधांच्या रेषांवरून ओळखावं लागतं. आधी पुरुष मुंबईला गेले, मग त्यांनी बायकांना नेलं, मग मुलं नसल्यामुळे शाळा बंद पडली आणि शाळा नाही म्हणून उरलेलेही गेले. राहिली ती म्हातारी माणसं आणि वानरं. वानरं बरी वाढली.

माझ्या समोरच्या टेबलावर एक म्हातारा इटालियन बसतो. त्याचं गाव आल्प्समध्ये आहे. एकदा त्याने माझ्या स्क्रीनवरचं गाव पाहिलं आणि शेजारी स्वतःचं उघडलं. दगडी छपरं, मधून ओढा, एका अंगाला उन्हाची बाजू, दुसऱ्या अंगाला सावलीची. तिथेही शाळा बंद, खिडक्या बंद, आणि गावाचा कारभार खालच्या मोठ्या गावात विलीन झालेला. चर्चची घंटा विजेवर वाजते, कारण दोरी ओढायला कुणी नाही. त्याने सांगितलं की हिवाळ्यात त्यांच्याकडे बर्फ हटवणारी गाडी शेवटच्या राहत्या घरापर्यंतच जाते. घर राहतं आहे की नाही ते खिडकीतल्या दिव्यावरून ठरतं. म्हणून त्याची आत्या एकटीच सगळा हिवाळा तिथे दिवा लावून राहायची. मी म्हटलं, आमच्याकडे बर्फ नाही, पण पालखी आहे. त्याला ते समजावून सांगायला मला सगळा लंच लागला.

तुला काय समजावायचं. तरी लिहिते, कारण लिहिताना मला ते पुन्हा दिसतं. शिमग्यात पालखी घर घ्यायला येते. घरापुढच्या खळ्यात थांबते, ढोल बंद होतो, आणि मानकरी विचारतात, "घरात कोन हाय का?" आतून उत्तर आलं की पालखी खाली ठेवायची, नारळ फोडायचा, ओटी भरायची. उत्तर आलं नाही तर पुढे जायचं, आणि त्या घराकडे पालखी पुन्हा वळत नाही. पालखी येते म्हणून शिमग्याच्या आधी पोरं कोयत्या घेऊन वाट साफ करतात. पालखी थांबली की वाट थांबली. मग दोन पावसाळ्यांत रान दारात.

घरं बंद व्हायला लागली तेव्हा जाणाऱ्या बायका मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे देऊन जायच्या. शिमग्याला तेवढं बघ, एवढंच म्हणायच्या. किल्ल्यांचा जुडगा तुझ्या कमरेला वाढत गेला. पालखी साकवावर आली की तू परसातल्या वाटेने धावत सुटायचीस. पहिल्या घराच्या मागच्या दाराने आत, पुढे कुलूप तसंच लटकलेलं. मानकरी विचारायचे आणि काळोख्या माजघरातून तुझा आवाज यायचा, "हाय, हाय. ये देवा." ढोल सुरू झाला की तू पुढच्या घरात. दर घराला तुझी धाप वाढत जायची. शेवटी आपलं घर, तिथे तर तुला धड बोलता यायचं नाही, नुसता "हा...य" ऐकू यायचा. सगळ्या गावाला ठाऊक होतं की वाडीभर एकच बाई उत्तर देते. कुणी हसलं नाही. मानकरी तर आपल्या घरापुढे येताना ढोलवाल्यांना मुद्दाम एक फेरी जास्त नाचवायचे, तुला श्वास घेता यावा म्हणून.

मी आठ-नऊ वर्षांची असताना शहाणपणा केला होता. तुला पोचायला उशीर होतोय असं पाहिलं आणि खळ्यातल्या गर्दीतूनच ओरडले, हाय. संध्याकाळी भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने माझा कान धरलास. "भायरनं बोललीस तर मानूस हाय येवडंच कळतं. घर हाय त्ये आतनं कळाय पायजे." मी कान सोडवत विचारलं की तू देवाशी खोटं बोलतेस ते चालतं का. तुला राग आला नाही. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "मी माजं नाव सांगते काय? त्यो इचारतो कोन हाय का. मी म्हनते हाय. मग, नाय मी?" परवा मुलीला ही गोष्ट सांगितली तर तिनेही पहिलं तेच विचारलं, सो आजी लाइड टु गॉड? तुझं उत्तर मी इंग्रजीत सांगून पाहिलं, पण त्यात राम उरला नाही.

लग्न होऊन मी इकडे यायला निघाले तेव्हा कुळथाचं पीठ, आमसुलं आणि सुक्या बांगड्यांच्या पुडक्यांत तू आपल्या मागच्या दाराची एक किल्ली घातली होतीस. मी म्हटलं, मला कशाला, मी आता दुसऱ्या घरची. तू म्हणालीस, लगीन झालं म्हणून दार परकं होतं काय. ती किल्ली आमच्या इथल्या, मुऐदरच्या घरी स्वयंपाकघरात फ्रिजशेजारच्या खिळ्याला लटकते. दुसरी किल्ली तुझ्या जुडग्यात होती. तू गेल्यावर जुडगा शेजारच्या काकूंकडे गेला आणि इतकी वर्षं तुझं काम त्यांनी केलं. गेल्या दिवाळीनंतर मुलगा त्यांना मुंबईला घेऊन गेला. त्यांना आता फारसं काही आठवत नाही, पण जुडगा त्या कुणाला देत नाहीत, उशाशी घेऊन झोपतात म्हणे. वरच्या वाडीत आता दिवा नाही, आई. एकही नाही.

शिमग्याच्या आधी गावकीची बैठक बसली. खालच्या वाडीत दुकान चालवणारा माझा चुलतभाऊ फोन करून सांगत होता. यंदा वरच्या वाडीतून एकाही घराने उत्तर दिलं नाही तर पुढच्या वर्षीपासून पालखी साकवावरच थांबवायची, तिथूनच वर नारळ दाखवायचा. खांदेकरीही आता सगळे पन्नाशीचे, त्यांचं चुकलं असं मला म्हणवेना. मुलीच्या परीक्षेत मला निघता येत नव्हतं, त्यात रमजान, अर्धं ऑफिस लवकर जाणार, म्हणून रजाही नाही. मी भावाला म्हटलं, फोन आत ठेवला तर? तो हसला. पण त्याने ते गावकीत विचारलं, आणि बराच वेळ वाद झाला. लग्न झालेल्या मुलीचं उत्तर चालतं का, फोनचा आवाज घरातला कसा धरायचा. शेवटी मानकरी काका म्हणाले, ते माझ्या भावाने मला जसंच्या तसं सांगितलं: "आवाज आतनं आला पायजे. त्यो आत कुटनं आला ह्येची चवकशी आपन कवा केली काय?"

पालखी वर जायची त्या दिवशी दुपारी मी आणि तो इटालियन पँट्रीत बसलो होतो. रमजानमध्ये जे रोजा धरत नाहीत त्यांनी दार लावून तिथे खायचं, असा आमच्याकडचा रिवाज. डबे उघडेच राहिले. आपल्या घराच्या समोरच्या दाराला आतून अडसर आणि मागच्या दाराच्या किल्ल्या अशा पांगलेल्या, त्यामुळे भावाने व्हिडिओ कॉल लावून स्वतःचा फोन स्पीकरवर टाकून माजघराच्या खिडकीच्या लाकडी गजांतून आत सोडला होता, सुतळी बांधून. माझ्या फोनच्या पडद्यावर नुसता काळोख दिसत होता. मग ढोल ऐकू यायला लागला, लांबून, मग जवळून. आपल्या घराचा काळोख मी मुशैरिबमध्ये हातात धरून बसले होते.

ढोल थांबला. मानकरी काकांचा आवाज आला, थकलेला. "घरात कोन हाय का?"

मी म्हटलं, "हाय, हाय. ये देवा." तुझ्याच चालीवर. पलीकडे काही क्षण अगदी शांत होतं, इतकं की मला वाटलं लाइन गेली. मग एकदम ढोल वाजला आणि माणसांचा गलका झाला. नारळ फुटल्याचा आवाजही मी ऐकला. मी रडत होते. इटालियनने माझ्याकडे पाणी सरकवलं, मग त्याची नजर माझ्या फोनवर गेली आणि तिथेच राहिली. त्याने नुसतं बोट दाखवलं. माइकवर लाल रेघ होती. रोजच्या मीटिंगांची ती सवय, फोन लागला की अंगठा आपोआप म्यूटवर जातो. माझा एक शब्दही त्या पँट्रीबाहेर गेला नव्हता.

संध्याकाळी भावाचा फोन आला. तो इतका खूश होता की मला बोलूच देईना. पालखी वर येतच राहील, पोरांनी पुढच्या वर्षी पाखाडीची पडलेली पायरीही बसवायचं कबूल केलंय, वगैरे. मग म्हणाला, "ताय, तुजा आवाज अगदी तुज्या आयसारका. मानकऱ्यांच्या डोळ्यात पानी आलं." आणि मग हसत, "पन धाप किती लागली गं तुला? जिना चढत व्हतीस काय?"

मी हो म्हणाले, आई. दुसरं काय म्हणणार होते. लिफ्ट बंद होती, असंही म्हणाले.

त्यानंतर मी सगळं करून पाहिलं. मागून कुणी गंमत केली असेल, असं गृहीत धरून भावाला सहज विचारलं की सगळे पुढेच होते ना. तो म्हणाला, मागे कोण जाईल, परसात कमरेएवढं रान आहे. गावाने काय ऐकलं ते इटालियनला मी सांगितलं नव्हतं, पण म्हाताऱ्याला अंदाज आला असावा. चार दिवसांनी कॉफी ढवळताना त्याने आपण होऊन सांगितलं की आत्या वारली त्या हिवाळ्यातही त्यांच्या गावचा रस्ता साफ झाला होता. गाडीवाला म्हणाला, खिडकीत दिवा दिसला.

मला भीती वाटते. तू तिथे आहेस याची नाही वाटत. वाटते ती त्या धापेची. मी समजत होते की तू सुटलीस. आणि तू अजून त्याच परसातून, त्या कमरेएवढ्या रानातून, एका घरातून दुसऱ्या घरात धावतेस, कारण तुझी मुलगी परदेशात बसून आहे आणि तिला साधं बटणही नीट दाबता येत नाही. रात्री फ्रिजमधून पाणी घेताना ती किल्ली हलताना दिसते. एसीच्या वाऱ्याने हलते, मला माहीत आहे. तरी मी ती हाताने धरून थांबवते. आणि दुसरी गोष्ट, जी सांगायला मला लाज वाटते, ती अशी की मला सगळ्या गावाचा हेवा वाटतो. खळ्यातल्या यच्चयावत माणसांनी तुझा आवाज ऐकला. माझ्या फोनवर मात्र त्या वेळी नुसती शांतता होती.

पुढच्या शिमग्याला मी येतेय. मुलगीही येईन म्हणतेय, इन्शाल्ला. किल्ली घेऊन मागच्या दाराने आत येईन आणि माजघरात बसेन. दाराशी तांब्या भरून ठेवेन, तुला थंडच लागतं, माठातलं. हे पत्र पाठवायचं म्हटलं तर वरच्या वाडीला आता पोस्टमन चढत नाही, त्यामुळे ते इथेच राहील. मी स्वतः बसून उत्तर देणार म्हणून गाव खूश आहे, मानकरी काकांनी तर निरोप धाडलाय की आता वाडीची चिंता मिटली. पण काकांनी खळ्यातून विचारल्यावर मी लगेच उत्तर देणार नाहीये, थोडा वेळ कान देऊन गप्प बसणार आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.