दुसऱ्या श्रूजबरीतलं घर

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
३ मार्च २०२४

चि. सौ. प्रतिमा, अ. आ.

फोनवर मला हल्ली नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. इथल्या लायब्ररीने मला टॉक द्यायला बोलावलंय. विषय, इंग्लंडमधल्या श्रूजबरीतली जुनी लाकडी घरं. मिसेस प्राइसच्या घरात मी दोन वर्षं भाड्याने राहिलो, ते त्यांना कुठूनसं कळलं.

घर चारशे वर्षांचं. ओकचा सांगाडा, मध्ये आपल्या कोकणात असतात तशा कुडाच्या भिंती. दुसरा मजला पहिल्याच्या दीड फूट पुढे, तिसरा आणखी पुढे, म्हणजे खिडकीतून समोरच्याला जवळजवळ हात लागावा. खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. माझ्या खोलीची जमीन रस्त्याकडे इतकी उतरती की पलंगाखाली विटा लावाव्या लागल्या. घराचं मी काढलेलं ड्रॉइंग आहेच. आईची पत्रांची पिशवी तुझ्याकडे आहे ना? मी तिथून लिहिलेली पत्रं पाठव, बारकावे मिळतील.

गिरीशरावांना नमस्कार. लोभ आहे तसाच असू दे.

तुझा दादा,
गुरुनाथ


नेपरव्हिल
११ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

कसं लिहावं कळत नाही. पिशवी तीनदा पाहिली. त्या घरातून आलेली एक्केचाळीस पत्रं आहेत आणि सगळी रवीदादाची आहेत. तू सत्तर साली पुण्याहून थेट अमेरिकेला आलास. श्रूजबरीत आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी होती ती त्याची. पलंगाखालच्या विटासुद्धा त्याच्याच पत्रात आहेत.

गिरीश म्हणाले, बोलू दे त्यांना, कोण तपासायला बसलंय? पण रवीदादा माझाही भाऊ होता. राग मानू नकोस, डॉक्टरांना एकदा दाखवशील का? इथे अजून बर्फ आहे, तू ड्राइव्ह करू नकोस.

तुझीच,
प्रतिमा


श्रूजबरी
१९ मार्च

चि. सौ. प्रतिमा, आशीर्वाद.

आधी रागच आला. वाटलं, तूच घोटाळा करतेयस. मग जुना पासपोर्ट काढला. लंडनला उतरलो ६ फेब्रुवारी १९७४, निघालो १५ ला. नऊ दिवस. त्याआधी नाही, नंतर नाही.

रवी न्यूमोनियाने गेला तेव्हा आपल्यापैकी सगळ्यात जवळ मीच होतो. कागदपत्रांसाठी दहन लांबलं. हॉटेलात उतरलो असं मी घरी कळवलं, ते खोटं. मी त्याच्या पलंगावर झोपलो. टेबलावर घराचं ड्रॉइंग होतं, छपराचं माप राहिलेलं. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून टेप घेऊन वर चढलो. दुसरं टोक मिसेस प्राइसने धरलं. आता त्या कागदावरची कुठली रेघ त्याची, कुठली माझी, सांगता येत नाही. चिखलाच्या बुटांवरून बाई रागावली होती ती कोणावर? मला तिचा आवाज आठवतो. पण तेही त्याने लिहिलं असेल.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, पाचही बरोबर आले. म्हणजे तेही कारण नाही. टॉक कॅन्सल करतो.

दादा


नेपरव्हिल
२६ मार्च

ती. दादास, सा. न.

पन्नास वर्षं, दादा. रवीदादाचे शेवटचे दिवस कसे गेले, खोलीत ऊन यायचं का, हे आई जाईपर्यंत विचारत होती. तू दरवेळी म्हणायचास, सगळं व्यवस्थित होतं. मी सोळा वर्षांची होते, मला तर कोणी तेवढंही सांगितलं नाही. दोन दिवस तुझ्यावर चिडून होते. आज चिडायचं कोणावर तेच कळेना.

टॉक कॅन्सल करू नकोस. एक्केचाळीसही पत्रं पाठवतेय. एकच सांग, टेबलावर आणखी काय होतं?

तुझी,
प्रतिमा


श्रूजबरी
१५ एप्रिल

चि. सौ. प्रतिमा, अनेक आशीर्वाद.

परवा टॉक झाला. तीसेक माणसं होती. रवीची पत्रं वाचून दाखवली, इंग्रजीत सांगताना अडखळलो. शेवटी एका बाईने विचारलं, तुम्ही त्या घरात किती दिवस होता? मी म्हटलं, माझा भाऊ दोन वर्षं, मी नऊ दिवस. तिने मान हलवली आणि पुढचा प्रश्न छपराच्या कौलांचा विचारला. मला उगीच भीती वाटत होती.

अनया म्हणते, बाबा, या गावाचं नाव ऐकूनच तुम्ही इथे घर घेतलं असणार. मी तिला नाही म्हणालो. आता खात्री वाटत नाही.

तू विचारलंस म्हणून ड्रॉइंगची गुंडाळी पूर्ण उलगडली. आत एक एअरोग्राम निघाला, पोस्टात न टाकलेला. त्यावर एवढंच आहे, ‘चि. प्रतिमा, इथे सगळं ठीक आहे.’ पुढे कोरा. तारीख नाही. आजारी असताना रवीने सुरू केला असेल. किंवा मी तिथे बसून तुला लिहायला घेतलं आणि पुढे लिहवलं नाही. आपल्या बाबांनी आम्हा दोघांना एकाच कित्त्यावर गिरवायला लावलं होतं, त्यामुळे अक्षरावरून मला काही कळत नाही.

सोबत पाठवतोय. तुला ओळखू आलं तर कळव. नाही आलं तरी ठेवून घे. तुलाच लिहिलेलं आहे.

तुझा,
दादा