दिसलं तरच बटण

४ मार्च

ती. आत्यास शि. सा. न.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून पत्र. निम्मं दादाने तिखटमीठ लावून सांगितलं असेलच.

डोकं दुखत होतं ते चष्म्यामुळे नव्हे. कवटीच्या आत मेंदूभोवती जे पाणी असतं, त्याचा दाब वाढलाय. गाठ नाही, गुठळी नाही, कारण सापडत नाही. पहिल्या दोन डॉक्टरांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि वजन उतरवा म्हणून वाटेला लावलं. तिसरी याच आजारावर संशोधन करते. ती म्हणाली की वजनाचा संबंध आहे, पण सडपातळ बायकांनाही हा होतो, खरं कारण आम्ही अजून शोधतोय. माहीत नाही असं तोंडावर सांगणारी डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटली, म्हणून तिच्या अभ्यासात नाव दिलं. वजन उतरवतेय, पण मान खाली घालून नाही.

वाकले की डोळ्यांपुढे क्षणभर राखाडी पडदा येतो. उजव्या कानात नाडीच्या ठेक्यावर घूं घूं चालू असतं. घड्याळ त्या कानाला लावलं की दोघांची जुंपते.

आता गंमत ऐक. नजर तपासायला एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवतात. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. दिव्याच्या आधी यंत्रात खट् होतं. फसवायला ते मधूनच नुसतं खट् करतं, पण तो आवाज किंचित कोरडा असतो. तू मला डोळे बांधून घड्याळं ओळखायला शिकवलंस, मला तो फरक कळणार नाही होय? दिवा दिसो न दिसो, मी एकदाही चुकले नाही. कागद स्वच्छ आला. डोळ्यामागची नस सुजलेली असताना नजर इतकी चांगली कशी, म्हणून डॉक्टर बुचकळ्यात पडली, पण गोळ्या कमीच ठेवल्या आणि तीन महिन्यांनी बोलावलं. तू माझ्या हाती दिलेल्या घड्याळांच्या दुकानाची किल्ली दादा मागत होता, त्याचंही तोंड बंद झालं.

शाबासकी उलट टपाली धाड. तीत काटकसर करू नकोस.

तुझी,
चिमटी

११ मार्च

चि. चिमटीस अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्या पाठोपाठ दोन धपाटे.

शाबासकी मिळणार नाही. तुला ऐकायला शिकवलं ते घड्याळाचं दुखणं शोधायला, स्वतःचं लपवायला नव्हे. किती दिवे दिसले नाहीत ते तू लिहिलेलं नाहीस. मी म्हातारी आहे, खुळी नाही.

शिवाय अभ्यासाच्या त्या कागदावर तुझं नाव नसणार, नुसता नंबर असणार. तुझ्यासारख्या कुणा परक्या मुलीचं औषध उद्या त्या नंबरावरून ठरेल. जा आणि सांगून ये. जेवणाच्या वेळा पाळ.

तुझ्यावर रागावलेली आणि म्हणूनच तुझी,
आत्या

१६ मार्च

ती. आत्यास शि. सा. न., जरा ताठ मानेनेच.

मी जाणार नाही. खरा कागद आला की दादा दुकानाला कुलूप लावेल आणि मला खिडकीशी बसवून लोकर विणायला देईल. टेबल, दिवा, चिमटे, एवढंच माझं जग आहे. तू हौसेने निवृत्त झालीस, टाळ्या घेऊन गेलीस. मला हाकलून देतील. तुला हे कळायचं नाही.

न दिसलेले दिवे मी मोजले नाहीत. बरेच होते.

राग निवळेपर्यंत तरी माया आटू देऊ नकोस.

चिमटी

२३ मार्च

चि. चिमटीस आशीर्वाद.

हौसेने गेले नाही. हे तुझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. माझा हात थरथरायला लागला होता. वर्षभर मी मनगट टेबलाच्या कडेला दाबून ते लपवलं. मग शाळेतल्या एका बाईंचं घड्याळ आलं, त्यांच्या आईचं, एवढंसं. केसाएवढी स्प्रिंग माझ्या चिमट्यात पिळवटली. मी त्यांना सांगितलं की घड्याळ जुनं झालंय, काही होणार नाही. त्या ते माझ्यापाशीच ठेवून गेल्या. आजही माझ्या कपाटात आहे. मला कुणी हाकललं नाही, त्या खोट्यानंतर टेबलाशी बसवेना म्हणून उठले.

वेळेवर सांगितलं असतं तर मोठी भिंतीवरची घड्याळं आणखी दहा वर्षं केली असती. तुला अजून वेळ आहे. किल्ली कुणालाही देऊ नकोस, पण खोटं बोलून ठेवू नकोस.

माझी लाज तुझ्या हवाली करणारी,
आत्या

१९ एप्रिल

ती. आत्यास शि. सा. न., या वेळी पूर्ण वाकून. पडदा आला, पण लगेच गेला.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी जाऊन सांगितलं. डॉक्टर ओरडली नाही. तिने मला यंत्राजवळ बसवून कोरडा आवाज कुठला ते तीनदा विचारलं, लिहून घेतलं आणि जुन्या कागदावर आडवी रेघ मारली. मग कानांवर गुणगुणणारे हेडफोन चढवून पुन्हा परीक्षा. आत्या, त्या वाडग्यात इतकं एकटं वाटलं म्हणून सांगू. कितीतरी वेळ काहीच चमकलं नाही. बोट शिवशिवत होतं, तरी दाबलं नाही.

डाव्या डोळ्यात नाकाच्या बाजूला काळा डाग आहे. उजवा जवळजवळ स्वच्छ. पाठीत सुई घालून दाब मोजला, पंचवीसच्या आत हवा तो सदतीस निघाला. गोळ्या चौपट केल्यात, बोटांना मुंग्या येतात. डाग वाढला तर ऑपरेशन. काल तिसरी परीक्षा झाली. वाढलेला नाही. कमीही झालेला नाही.

दादा किल्लीसाठी आलाच. मी खरा कागद त्याच्यापुढे ठेवला आणि सांगितलं की भिंग मी उजव्या डोळ्यालाच लावते, ज्या दिवशी तोही जाईल त्या दिवशी किल्ली मी स्वतः आणून देईन, त्याआधी मागितलीस तर तुझं मनगटावरचं घड्याळ कधीच दुरुस्त होणार नाही. तो जाताना माझ्या टेबलावरच्या दिव्याला नवा बल्ब लावून गेला.

कानातली घूं घूं थांबली आहे. तेव्हा कपाटातलं ते घड्याळ पाठवून दे, आणि त्या बाईंचा पत्ताही. केसाएवढी स्प्रिंग बसवायला एक डोळा पुरतो, आणि ती नीट चालते का ते ऐकायला आता दोन्ही कान मोकळे आहेत. नाही जमलं, तर नाही जमलं असंच त्यांना लिहीन.

धपाटे पोचले, माया पोचली, दोन्ही चालू ठेव.

तुझीच,
चिमटी