हातात धरलेली दोरी

वस्ताद,

परवा तुमचा फोटो लावला. सायलो साफ करणाऱ्या आपल्या सगळ्या गँगांनी मिळून एक हॉल घेतला होता. तुमचा तो फेट्यातला, मिशीला पीळ दिलेला फोटो मोठा करून आणला होता आणि तुमचा सगळ्यात जुना चेला म्हणून बोलायला मलाच उभं केलं. मी ठरवून गेलो होतो, आज तोंड उघडायचंच. माझा धाकटा भाऊ सायलोत गाडला गेला तेव्हा त्याच्या कमरेची दोरी तुमच्या हातात होती. ती हातात न धरता वरच्या तुळईला बांधली असती तर तो वाचला असता. एवढंच मला एकदा चारचौघांत म्हणायचं होतं. तुम्ही जिवंत असताना मी म्हणालो नाही, कारण मी वाट बघत होतो की तुम्ही म्हणाल. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. मरून गेलात. आता लोक हार घालतात तुम्हाला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध, म्हणतात ते उगाच नव्हे.

आपलं काम बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. टाकी साफ करता म्हणजे काय, पाण्याची का? मग मला पहिल्यापासून सांगावं लागतं. सायलो म्हणजे चार मजली घराएवढी पत्र्याची टाकी असते बाबा, वरनं मका नाहीतर सोयाबीनची पेंड भरतात आणि खालच्या दारातनं काढतात. दमट हवा लागली की माल आतल्या आत चिकटतो, कमान धरतो. खालचं दार उघडलं तरी मूठभर पडत नाही. मग वरच्या झाकणातनं माणूस उतरवायचा आणि पहारीनं ती कमान फोडायची. वरनं बघितलं तर पायाखाली घट्ट जमीन वाटते, पण खाली सगळं पोकळ. कमान अचानक सुटली की माणूस मालासकट खाली जातो आणि वरचा माल त्याच्यावर येतो. परत वर यायचं साधन एकच, कमरेची दोरी. एवढं सांगितलं की हसणारा गप होतो. आता आम्ही माणूस उतरवतच नाही म्हणा. हवेच्या दाबावर फिरणारं एक मशीन वरनं सोडतो, ते साखळीचे फटके मारून माल पाडतं. पोरं त्याला चाबूक म्हणतात. तुम्ही असता तर त्याला नावं ठेवली असती.

माझा पहिला दिवस आठवतो का तुम्हाला? मला आठवतो, कालचा वाटावा इतका. मी झाकणाजवळ उभा. डोक्यावर हात लांबवला की हाताला लागेल अशी लोखंडी तुळई. मी गुपचूप दोरीचं दुसरं टोक तिला बांधलं. खेड्यातला पोरगा मी, बैल बांधताना खुंटा बघायची सवय, त्यात कुठली अक्कल नव्हती. तुम्ही आलात, गाठ बघितलीत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलात, "ही कुणी बांधली रं?" मी म्हणालो, मी. "मग मी हितं कशाला हुबा हाय? उरूस बघायला?" सगळी गँग खो खो हसली. तुम्ही गाठ सोडलीत, दोरी पाठीमागनं घेऊन दोन्ही हातांत धरलीत आणि म्हणालात, "लोखंडाला काय कळतंय, आत माणूस हाय का पोतं? दोरी धराय माणूस लागतोय, माणूस! ज्याला माझ्यावर भरवसा न्हाय त्यानं घरला जाऊन म्हसरं राखावी." मी शरमेनं लाल झालो. आणि खरं सांगतो, मनातनं फुललोही. तालमीत नाव काढलेला गडी माझी दोरी धरून उभा आहे, मला काय धाड भरलीय! संध्याकाळी वर आलो तेव्हा नाकातोंडात भुकटी गेलेली, खोकून खोकून जीव चाललेला. तुम्ही स्वतःचा पंचा पाण्यात पिळून माझ्या नाकावर बांधलात. "असा बांधायचा. उद्यापासनं इसरू नको." तो पंचा तुम्ही परत घेतला नाहीत. असं होतं बघा तुमचं. आधी चारचौघांत सालटी काढायची आणि मग अशी माया करायची की माणूस जन्माचा बांधला जावा.

त्या दिवसापासनं आपल्या गँगमध्ये कुणी दोरी बांधली नाही. बांधणं म्हणजे वस्तादांचा अपमान. दुसऱ्या गँगची माणसं बांधायची तेव्हा आपण त्यांना हसायचो. धाकटा कामाला आला तेव्हा मीच त्याला आधी सांगितलं, इथं दोरी वस्ताद धरतात, तू डोळं झाकून उतर. आणि तो उतरायचा की! त्याला भीती म्हणून माहीत नव्हती. आत गाणं म्हणायचा आणि तुम्ही वरनं म्हणायचा, "आवाज येतोय न्हवं, मग ह्यो जित्ता हाय."

हातकणंगल्याच्या बाजूला त्या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात काम घेतलं, तेव्हा तिथं एक नवीन इंजिनिअर होता. मिसरूड फुटलेलं पोरगं. तो शिडी चढून वर आला, भीत भीत म्हणाला, "काका, दोरी बीमला बांधून घ्या ना. माणसाच्या हातात लोड राहत नाही." तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. "साहेब, तुमी खाली जाऊन च्या घ्या. हे हात बघितल्यात का? ह्या हातांनी भलंभलं गडी उचलून आपटल्यात." तो बिचारा खाली गेला. आम्ही हसलो. उंटावरनं शेळ्या हाकतंय, म्हणालो. वस्ताद, ते पोरगं बरोबर होतं. त्याला त्या दिवशी जेवढं कळत होतं तेवढं तुम्हाला कळत नव्हतं, आणि तुमच्यामुळं आम्हालाही नाही.

त्याच दिवशी, त्याच टाकीवर, मी खालच्या दाराशी होतो. दार उघडं, पडत काही नाही, मी खालनं सळई घालून ढोसतोय. वर तुम्ही बांबूनं माल ठोकून आवाज घेतलात, "घट्ट हाय, उतर," म्हणालात. धाकटा उतरला. पत्र्यातनं त्याच्या पहारीचे ठोके मला ऐकू येत होते. आणि मग एकदम माल सुटला. धो धो, दारातनं नुसती पेंडच पेंड. दिवसभर अडलेला माल सुटला की आपण सगळे जसं ओरडतो तसा मी ओरडलो, "सुटला! सुटला रं!" नाचलो मी तिथं. वर काय झालंय ते मला वरची किंकाळी ऐकू आल्यावर कळलं. दार बंद केलं, पत्रा फोडला, हातांनी उपसलं सगळं. त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या नाकातोंडात सोयाबीनची भुकटी गच्च बसली होती. कमरेची गाठ तशीच होती, दोरी कुठं तुटलेली नव्हती.

तुम्ही दोरी सोडली नाहीत, हे मला मान्य आहे. शेजारी उभ्या असलेल्यांनी सांगितलं, ओढीनं तुम्ही झाकणापर्यंत फरफटत गेला, छाती कडेवर आपटली, तरी सोडली नाहीत. मूठ आवळलेली आणि दोरी मुठीतनं सरकत गेली. तळव्याची कातडी निघाली, आतलं मांस दिसत होतं. आणि मग सगळ्या पंचक्रोशीत तेच झालं. जो तो तुमचे हात बघायला येतोय. "हात सोलून निघालं पण पठ्ठ्यानं दोरी सोडली न्हाय." आमच्या दारात दुखवट्याला येणारी माणसंसुद्धा हेच बोलायची. धाकटा मेला ही गोष्ट लहान झाली आणि तुमचे हात ही गोष्ट मोठी झाली. तुळई हाताच्या अंतरावर होती, दोरी तिला का बांधली नव्हती, हे एकानंही विचारलं नाही. एकानंही!

तुम्ही घरी आलात तो दिवस तर माझ्या काळजात रुतून बसलाय. दोन्ही हातांना पट्ट्या, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून तुम्ही बसलाय. आई चुलीपुढं आहे. पोटचा पोर गेलेली माझी आई. तिनं तुमच्या पट्ट्या सोडल्या, तूप-हळद लावली, परत बांधल्या. मग ताट वाढलं आणि तुम्हाला हातानं खाता येईना म्हणून भाकरी आमटीत कुस्करून एकेक घास तुम्हाला भरवला. तुम्ही रडत होता आणि खात होता. आई म्हणत होती, "खावा, वस्ताद. तुमी काय कमी केलं न्हाय." मी दारात उभा होतो. मला वाटलं, आता बोलाल. आता तरी म्हणाल, वहिनी, माझं चुकलं, दोरी बांधाय पायजे हुती. घास गिळलात आणि म्हणालात, "त्याचं आयुक्षच तेवढं हुतं." आईनं मान हलवली. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

तरी मी गँग सोडली नाही. का सोडली नाही ते पुढच्याच कामाला कळलं. तुमचे हात नुकते भरत आले होते. तुम्ही शिडी चढून वर गेलात, दोरी घेतलीत आणि कुणाकडं न बघता तुळईला बांधलीत. दोन वेढे, घट्ट गाठ, वर ओढून बघितलीत. एक अक्षर बोलला नाहीत. त्यानंतर तुमच्या हयातीत एकही माणूस बांधल्याशिवाय उतरला नाही. म्हणजे कळलं होतं तुम्हाला. सगळं कळलं होतं! गँगमधली माणसं काय म्हणाली ठाऊक आहे? "वस्तादांच्या हातात आता जोर राहिला न्हाय, म्हणून बांधत्यात." तुम्ही ते ऐकलंत आणि मान खाली घातलीत. अधू म्हणून घेणं तुम्हाला चाललं, पण चुकलो म्हणणं चाललं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळला नाही तो असा. मला दुसरं काही नको होतं हो. तुमच्या पाया पडून मीच तुम्हाला माफ केलं असतं. एक वाक्य फक्त. ते ऐकायला मी वर्षानुवर्षं तुमच्या मागं शिड्या चढत राहिलो.

शेवटी तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हाही आलो. छातीत भुकटी बसलेली, बोलताना धाप लागायची. तुम्ही माझा हात हातात घेतलात. तुमचे तळवे गुळगुळीत झाले होते, रेषाच राहिल्या नव्हत्या. ओठ हलले. मी वाकलो. "आईची तब्येत बरी हाय न्हवं?" म्हणालात. मी म्हणालो, बरी आहे. आणि घरी आलो. दोन दिवसांत तुम्ही गेलात. मी खांदा दिला.

तर परवा मी माईक घेतला आणि बोललो. कागद नव्हता, पण बोललो. म्हणालो, वस्तादांनी मला काम शिकवलं, नाकावर पंचा बांधायला शिकवला. पण त्यांनी दोरी हातात धरायचा हट्ट धरला नसता, ती तुळईला बांधली असती, तर माझा धाकटा भाऊ आज इथं समोर बसला असता. मला वाटलं, झालं, पोचलं एकदाचं. तेवढ्यात पहिल्या रांगेतला एक म्हातारा डोळे पुसत मोठ्यांदा म्हणाला, "खरं हाय बाबा, पण हात सोललं तरी सोडली न्हाय!" आणि टाळ्या. सगळा हॉल टाळ्या वाजवतोय. सूत्रसंचालन करणाऱ्यानं माझ्या हातातनं माईक घेतला आणि म्हणाला, "बघा मंडळी, सख्खा भाऊ गमावला तरी गुरूविषयी केवढी ही निष्ठा!" परत टाळ्या. मला शाल घातली. मी "अहो, तसं नव्हे," म्हणत होतो, पण माईक गेला होता आणि बँडवाल्यानं सुरू केलं होतं. सांगून मोकळा झालो म्हणू, की न सांगता परत आलो म्हणू? तुम्हीच सांगा.

ह्या पत्राला पत्ता नाही. टपालपेटीत टाकायचं नाही, जाळायचंही नाही, असंच कपाटात पडेल. एवढं मात्र तुम्हाला कबूल करतो, दुसऱ्या कुणाला करणार नाही. त्या टाळ्यांत मी खुर्चीवर येऊन बसलो आणि माझी मान आपोआप मागं वळली. कुठलंही अवघड काम उरकलं की मी असाच मागं वळून बघत आलोय. हॉल भरलेला होता आणि मी एकेका तोंडाकडं बघत तुम्हाला शोधत होतो, वस्ताद. जमलं का, एवढं विचारायला.